रत्नागिरीत व्यावसायिक फुटबॉल क्लब काढायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

मांडवीकर

आम्ही आठ-दहा जण मिळून रत्नागिरी शहराचा स्वतःचा व्यावसायिक फुटबॉल क्लब काढायच्या खटपटीत आहोत. शहरात आणि खाडीकाठच्या गावांत खेळणारी पोरे भरपूर आहेत. शाळेच्या संघात चमकतात, बारावी झाली की मुंबई-पुणे गाठतात, नाहीतर बोटीवर किंवा आखातात जातात, आणि खेळ तिथेच थांबतो. त्यांना इथे राहून, दोन पैसे मिळवत खेळता यावे हा हेतू आहे.

अडलेय ते असे. नोंदणी संस्था म्हणून करावी की कंपनी म्हणून? संलग्नता कोणाकडून घ्यायची आणि आय-लीगपर्यंतची (देशपातळीवरच्या व्यावसायिक लीगपर्यंतची) वाट कशी आहे? शहराबाहेर सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) भाड्याने जागा मिळू शकते, तिथे मैदान होईल का? पहिल्या वर्षाच्या खर्चाचा अंदाज कसा बांधायचा? काही जणांचे म्हणणे आहे की आधी नाव, लोगो, जर्सी आणि दणक्यात उद्घाटन करा, प्रायोजक आपोआप येतील. हे कितपत बरोबर आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

लाईन्समन

उद्घाटन सगळ्यात शेवटी ठेवा. फिफाच्या नियमाप्रमाणे व्यावसायिक खेळाडू तोच, ज्याच्याशी लेखी करार झाला आहे आणि ज्याला खेळण्यापायी होणाऱ्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात. बाकी सगळे हौशी. म्हणजे तुमचा क्लब व्यावसायिक ठरतो तो करारांमुळे आणि वेळेवर दिलेल्या पगारामुळे.

संलग्नतेची वाट खालून वर जाते. क्लबाने अर्ज करायचा तो जिल्हा फुटबॉल संघटनेकडे. जिल्हा संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी, म्हणजे विफाशी जोडलेली असते, आणि विफा ही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची राज्यातली सदस्य. अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्र, क्लबाची घटना, कार्यकारिणीची यादी आणि मैदान वापराचे पत्र तयार ठेवा. घटनेत 'महासंघ, राज्य व जिल्हा संघटनेचे नियम क्लबाला बंधनकारक राहतील' असे वाक्य पहिल्यापासूनच टाका. ते राहून गेले तर सर्वसाधारण सभा बोलवा, घटनादुरुस्ती करा, पुन्हा मंजुरी घ्या, यातच हंगाम जातो.

खेळाडूंची नोंदणी महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीवर होते, तिला सगळे सीआरएस म्हणतात. तिथे नोंद नसलेला खेळाडू अधिकृत सामन्यात उतरवला तर सामना हातचा जातो.

आय-लीग ३ ही स्पर्धा २०२३ साली सुरू झाली आणि तिच्यात राज्य संघटनेने पाठवलेले क्लब खेळतात. तिथून आय-लीग २, मग त्याच्या वर. वरच्या स्पर्धांची नावे आणि स्वरूप गेल्या काही वर्षांत इतक्यांदा बदलले आहे की त्यावर पाच वर्षांचा आराखडा बांधू नये. जिल्ह्यातली जागा पक्की करा, मग राज्य पातळी.

थेट वरून आत शिरलेले क्लब आहेत. बेंगळुरू एफसी २०१३ साली निघाला आणि पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकला. पण मागे जेएसडब्ल्यूसारखा उद्योगसमूह होता. आपल्या राज्यातले दाखलेही डोळ्यांसमोर ठेवा. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी २००७ ते २०१७ चालला. पुण्याचा भारत एफसी आय-लीगमध्ये एकच हंगाम दिसला. हे क्लब केवळ मैदानात कमी पडले म्हणून मिटले नाहीत. सगळा भार एकाच मालकाच्या पैशावर होता, आणि त्याने हात आखडला की खाली धरायला काही नव्हते.

उलट उदाहरण मिझोरामच्या ऐजॉल एफसीचे. २०१६-१७ ची आय-लीग त्यांनी जिंकली, तीही आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरून, गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे परत जागा मिळाल्यावर. तिथे २०१२ पासून मिझोराम प्रीमियर लीग चालू होती, म्हणजे आठवड्यामागून आठवडे स्पर्धात्मक सामने. क्लब काढताना जिल्ह्याची लीग किती सामन्यांची आहे ते आधी बघा. वर्षाला चार-पाच सामने मिळणार असतील तर पगारी संघ ठेवण्यात अर्थ नाही. आधी लीग वाढवण्यासाठी जिल्हा संघटनेबरोबर बसा.

हिशेबनीस

नोंदणीचे तीन मार्ग आहेत. पहिला, संस्था नोंदणी कायदा १८६० खाली किमान सात जणांची संस्था. महाराष्ट्रात तिची नोंद सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडेही होते. दुसरा, कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. तिसरा, साधी प्रायव्हेट लिमिटेड, दोन भागधारक आणि दोन संचालक पुरतात.

माझे मत असे की सुरुवातीला संस्था किंवा कलम ८ यांपैकी एक घ्या आणि मुलांचे प्रशिक्षण त्यात चालवा. वरिष्ठ पगारी संघ उभा राहायची वेळ आली की त्यासाठी वेगळी प्रायव्हेट लिमिटेड काढा. दोन्हींचे बँक खाते, हिशेब, करार स्वतंत्र. गुंतवणूकदाराला नफ्यात वाटा हवा असतो, तो संस्थेत देता येत नाही, आणि देणगीदाराला ८०जी (देणगीवरची करसवलत) हवे असते, ते प्रायव्हेट लिमिटेडमध्ये मिळत नाही. एकाच डब्यात दोन्ही कोंबायला गेले की ऑडिटला अडकते.

संस्था घेतलीत तर चेंज रिपोर्टकडे लक्ष ठेवा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत तो दाखल करावा लागतो. जुने रिपोर्ट मंजूर झालेले नसले की खरी कार्यकारिणी कोणती यावर वाद लागतात, बँक सह्या बदलून देत नाही आणि संलग्नतेचे नूतनीकरण लटकते. क्लब मैदानावर हरण्याआधी इथे हरतात.

सीएसआरबद्दल (कंपन्यांच्या सामाजिक कामासाठीच्या निधीबद्दल) मोठा गैरसमज आहे. कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिंपिक खेळांना चालना देणारे प्रशिक्षण बसते. म्हणजे मुलांचे प्रशिक्षण, त्यासाठीचे साहित्य, प्रशिक्षकांचे मानधन अशा गोष्टी त्यातून मागता येतात. जर्सीवर कंपनीचे नाव झळकवून जाहिरातीचा फायदा द्यायचा असेल तर ते प्रायोजकत्व झाले, सीएसआर नव्हे. दोन्हींसाठी प्रस्ताव वेगळे लिहा. सीएसआर घेण्यासाठी १२ए (संस्थेच्या उत्पन्नावरची करमाफी), ८०जी आणि सीएसआर-१ (सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेची नोंद) अशा नोंदण्या लागतात, त्यामुळे हा पैसा पहिल्या वर्षात धरूच नका. प्रायोजकत्वावर १८ टक्के जीएसटी आहे, वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी बंधनकारक. बोलणी करताना रक्कम 'अधिक जीएसटी' अशीच सांगा, नाहीतर १० लाखांच्या करारातले दीड लाखाहून जास्त कर म्हणून स्वतःच्या खिशातून जातात.

आता पगार. समजा २२ खेळाडू, सरासरी महिना १५ हजार, नऊ महिने. २२ × १५,००० × ९ म्हणजे २९ लाख ७० हजार. ही फक्त खेळाडूंची बाजू. मुख्य प्रशिक्षक, सहायक, गोलकीपर प्रशिक्षक, फिजिओ, बाहेरगावच्या खेळाडूंची राहण्या-जेवणाची सोय, प्रवास, मैदान भाडे, विमा, नोंदणी शुल्क हे वरती. आणि २० माणसे पगारावर आली की भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागतो. खेळाडू कर्मचारी धरायचे की व्यावसायिक सेवा देणारे, हे करार छापण्याआधी सीएकडून ठरवून घ्या, कारण टीडीएसची रीत त्याप्रमाणे बदलते.

एक नियम स्वतःला घालून घ्या: तीन महिन्यांचे सगळे पगार मुदतठेवीत पडल्याशिवाय एकाही खेळाडूशी करार करायचा नाही. प्रायोजकांचे हप्ते उशिरा येतात, हे गृहीतच धरा. फिफाच्या नियमावलीत दोन महिन्यांचे पगार थकले तर खेळाडू १५ दिवसांची लेखी मुदत देऊन करार मोडू शकतो अशी तरतूद आहे. ऐन हंगामात चार जण असे गेले तर संघ उभा राहत नाही.

कराराची मुदत कमीत कमी हंगाम संपेपर्यंत आणि जास्तीत जास्त पाच वर्षे, १८ वर्षांखालच्या खेळाडूसाठी तीन वर्षे.

लोगोचे विचारलेत म्हणून: नाव ठरले की ट्रेडमार्कच्या वर्ग ४१ (क्रीडा सेवा) आणि वर्ग २५ (कपडे) मध्ये शोध घ्या, मगच जर्सी छापा.

कातळसडा

मैदानाबद्दल लिहितो, कारण कोकणात क्लबचा जीव इथेच अडकतो.

खेळाची जागा १०५ × ६८ मीटर धरा. चारी बाजूंना तीन-तीन मीटर मोकळी पट्टी धरली की १११ × ७४, म्हणजे ८,२१४ चौरस मीटर, दोन एकरांना किंचित जास्त. सडा लांबून सपाट दिसतो, पण लेव्हल मशीन लावली की दोन टोकांत मीटर-दीड मीटरचा फरक सहज निघतो. आणि खाली कातळ. त्यावर थेट चार बोटे लाल माती पसरून गवत लावले तर पावसाळ्यात पाणी मुरायला जागा नसते, ते कातळावरून आडवे पळते आणि माती घेऊन जाते. नोव्हेंबरनंतर तीच जमीन विटेसारखी कडक होते.

किमान ३० सेंटीमीटर भराव हवा: खाली १० सेंटीमीटर खडी, वर २० सेंटीमीटर वाळू-माती-शेणखत. ८,२१४ चौरस मीटरवर ३० सेंटीमीटर म्हणजे सुमारे २,४६४ घनमीटर, आपल्या भाषेत ८७० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दाबून बसणारा भाग वेगळा. भाव विचारायच्या आधी हा आकडा समोर ठेवा. खाडीची वाळू स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, मिठाने गवत जळते आणि विनापरवाना उपसा हा गुन्हा आहे. भरावाच्या गौण खनिजाचा परवाना तहसीलमधून, जमिनीचा अकृषिक वापर, किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम), हे सगळे भाडेकरार करण्यापूर्वी तपासा. भाडेकरार ११ महिन्यांचा असेल तर भरावात एक रुपया घालू नका.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. कोकणातली कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत. जेसीबी लावायच्या आधी सगळा सडा पायी फिरून बघा, सकाळच्या तिरप्या उन्हात, गवत वाळल्यावर. शिल्प दिसले तर मैदान दुसरीकडे.

निचरा: मैदान मध्यरेषेवर उंच आणि दोन्ही बाजूंना उतरते ठेवा. ०.७ टक्के उतार म्हणजे मधून कडेपर्यंतच्या ३४ मीटरांत सुमारे २४ सेंटीमीटर. खेळाडूला जाणवत नाही, पाण्याला पुरतो. खाली दर पाच मीटरवर चर, त्यात १०० मिलिमीटरचे भोकांचे पाइप, भोवती धुतलेली खडी आणि जिओटेक्स्टाइल (पाणी गाळणारे कापड). कापड वाचवले तर जांभ्याची बारीक माती दोन पावसाळ्यांत भोके बुजवते. आणि कडेचे गटार लहान ठेवू नका. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस इथे नवलाचा नाही, तेवढ्यात या क्षेत्रावर ८ लाख २१ हजार लिटर पाणी पडते. ते शेजाऱ्याच्या कलमांत सोडलेत तर क्लबचा पहिला शत्रू तिथेच तयार होतो.

गवत म्हणून हरळी उत्तम. तिच्या कांड्या ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात लावा. जूनमध्ये लावल्या तर धुऊन जातात. दोन-अडीच महिन्यांत जमीन झाकते, कापणी २५ ते ३० मिलिमीटरवर. पाणी मचूळ असेल तर पॅस्पॅलम नावाचे खारे पाणी सोसणारे गवत बघा. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. नुसत्या खेळाच्या जागेला रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचे तर ३५,७०० लिटर लागतात, म्हणजे १० हजार लिटरचे साडेतीन टँकर, रोज. ज्या दिवसांत गावांनाच टँकर लागतो त्या दिवसांत हे पाणी मागणे बरे दिसत नाही आणि मिळतही नाही. स्वतःचे शेततळे किंवा शंभर टक्के भरवशाची विहीर नसेल तर गवताचा नाद सोडा.

मांडवीकर

सगळ्यांचे आभार. वहीत उतरवून घेतले. सड्याच्या जागेचा प्रस्ताव सध्या बाजूला ठेवतो. मग पहिली दोन-तीन वर्षे काय करावे? शाळा-कॉलेजची लाल मातीची मैदाने आहेत, पण डिसेंबरपासून तिथे टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा लागतात. आणि पावसाळ्याचे चार महिने?

लाईन्समन

पहिली दोन-तीन वर्षे लाल मातीवरच काढा, काही बिघडत नाही. शाळेशी किंवा महाविद्यालयाशी लेखी करार करा: आठवड्याचे वार, वेळ, डागडुजी कोणाची, पाणी कोणाचे. क्रिकेटच्या आयोजकांशी भांडू नका. ऑक्टोबरातच बसून शनिवार-रविवार वाटून घ्या.

हंगामाचे वेळापत्रक इथल्या वर्षाप्रमाणे मांडा. ऑक्टोबर ते जानेवारी हा सर्वात भरवशाचा काळ, मुख्य सामने यातच. फेब्रुवारी-मार्च बोर्डाच्या परीक्षा. त्यातच शिमगा, पालखी घराघरात फिरते तेव्हा खेड्यातला एकही खेळाडू येणार नाही आणि त्याने यावे अशी अपेक्षाही धरू नये. येती काही वर्षे रमजानही जानेवारी ते मार्चच्या दरम्यान येतो. तुमच्या संघात खाडीकाठच्या गावांतली मुस्लिम मुले असणारच, त्या महिन्यात सराव हलका आणि इफ्तारनंतर ठेवा. एप्रिल-मेमध्ये अनेक घरांत आंब्याची कामे असतात. गणपतीत आठ-दहा दिवस सुट्टी. हे सगळे करार करतानाच लिहून द्या, म्हणजे गैरहजेरीवरून कुरबुर होत नाही.

पावसाळ्यात बंदिस्त हॉलमध्ये फुटसाल. ४० × २० मीटरचे कोर्ट, पाच-पाच जण, चार नंबरचा कमी उसळणारा चेंडू. छोट्या जागेत चेंडू हाताळायची सवय लागते, जी लाल मातीवर वाढलेल्या पोरांत कमी पडते. किनाऱ्यावरचा सराव नोव्हेंबर ते मे, ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवर, भरती-ओहोटीचे कोष्टक बघून. कोरड्या भुसभुशीत वाळूत आठवड्यातून एकदाच, नाहीतर पोटऱ्या आणि टाचेची शीर धरते.

पेठेतला बॅक

कोल्हापुरातून लिहितोय. आमच्याकडे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ हे संघ तालमी-मंडळांतून उभे आहेत. शाहू स्टेडियमवर माणूस येतो तो पेठेसाठी. तुमच्याकडे ते काम वाडी आणि मोहल्ला करतील. क्लबची सभासद नोंदणी त्या त्या भागातल्या मंडळांमार्फत करा, वर्षाची वर्गणी कमी ठेवा पण पावती प्रत्येकाला द्या. मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी आंबा घाटातून इकडे या, दक्षिणेला रेल्वेने गोवा. फक्त जुलै-ऑगस्टात घाटाच्या भरवशावर सामना ठेवू नका, दरड आली की दोन्हीकडचे खोळंबतात.

शालेय स्पर्धांत रत्नागिरी कोल्हापूर विभागातच येते. त्यामुळे सुब्रतो करंडकाच्या विभागीय फेरीत तुमच्या मुलांना आमच्या शाळा भेटतातच. ते सामने बघायला क्लबचा माणूस पाठवा, वही घेऊन.

डी-लायसन्स

साहित्य आणि प्रशिक्षणाचे थोडक्यात. लाल मातीवर लांब स्टडचे बूट घालू नका, ते जमिनीत रुततच नाहीत, घोटा मुरगळतो. बारीक रबरी खुंट्यांचे टर्फ बूट घ्या. २२ जणांना पाच नंबरचे किमान १५ चेंडू. दर आठवड्याला दाब तपासा, नियमात तो ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर आहे. खाऱ्या हवेत पंपाची सुई गंजते आणि व्हॉल्व्ह फाडते, म्हणून सुया तेल लावून डब्यात ठेवा.

गोलपोस्ट ७.३२ × २.४४ मीटर. साधा लोखंडी पाइप रंगवून लावला तर समुद्राच्या हवेत वेल्डिंगपासून गंज सुरू होतो. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड करून (जस्ताचा थर चढवून) घ्या आणि जमिनीत काँक्रीटचे सॉकेट. हलवता येणारे छोटे गोल वापरत असाल तर मागचा पाइप खुंट्यांनी किंवा वाळूच्या गोण्यांनी दाबल्याशिवाय मुलांना मैदानात सोडू नका. आडव्या दांडीला लोंबकळणे मुलांना आवडते, आणि गोल अंगावर पडून जगभर मुलांचे जीव गेले आहेत.

प्रत्येक सरावाआधी फिफा ११+ हा व्यायामक्रम, १५ प्रकार, सुमारे २० मिनिटे. खर्च शून्य. एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी साडेसहाला सुरू, साडेआठला बंद. घामाने मीठ जाते, नुसते पाणी पुरत नाही, मीठ-साखर घातलेले कोकम सरबत चांगले चालते.

लहान मुलांसाठी निदान डी लायसन्सचा (महासंघाच्या प्रशिक्षक परवान्याचा) प्रशिक्षक, वरिष्ठ संघासाठी त्यावरच्या सी किंवा बी परवान्याचा. प्रवासात मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसे, एकटा प्रशिक्षक कधीच नाही. मुलींचा संघ असेल तर त्यात एक स्त्री हवीच. आणि मुलींचा संघ पहिल्या वर्षीच काढा. जिल्ह्यात संघ कमी आहेत, राज्यापर्यंतची वाट मोकळी आहे.

मांडवीकर

बारा वर्षांच्या मुलांचीही सीआरएस नोंदणी आत्तापासून करायची का? की वरिष्ठ संघ झाल्यावर?

लाईन्समन

आत्तापासून. खेळाडूची मोबदल्यासह परदेशी बदली झाली की फिफाच्या नियमाने रकमेचा पाच टक्के भाग त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षाला बदलीच्या रकमेचे ०.२५ टक्के, १६ ते २३ मधल्या प्रत्येक वर्षाला ०.५ टक्के. पोरगा पुढे कुठेही गेला तरी तुमच्या क्लबची वर्षे त्याच्या नोंदीत राहतात. नोंदच नसेल तर मागायला तोंड नाही.

त्यासाठी जन्मदाखले गोळा करायला याच महिन्यात लागा. नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, शाळेचा दाखला आणि आधार, तिन्हींवरचे नाव आणि तारीख एक असली पाहिजे. अनेकांच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एक आणि आधारवर दुसरे स्पेलिंग निघते, दुरुस्तीला महिने जातात. पालकांना शाळेच्या सुट्टीआधी यादी द्या.